दुसऱ्या गटातली

शुभा,

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तुझ्या निधनाचा कागद लागलाय. त्यावर सेक्रेटरी मेहताभाईंनी तुझ्या नावाखाली 'अणुशास्त्रज्ञ' असं लिहिलंय. लावण्याआधी ते विचारायला वर आले होते. "भाभीजी न्यूक्लियर में थीं ना?" मी होकारार्थी मान हलवली. तू असतीस तर त्यांना तिथेच खाली बसवून, चहा पाजून सगळं समजावलं असतंस. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. लिफ्टची वाट बघताना मी तो कागद वाचतो, वाटतं पेन काढून तो एक शब्द खोडावा, तेवढ्यात लिफ्ट येते.

यात मेहताभाईंची चूक नाही. आईने सगळ्या बिल्डिंगला तसंच सांगून ठेवलं होतं. लालबागची खोली सोडून आपण इथे भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अलीकडे राहायला आलो, तेव्हा आजूबाजूला तिच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. नव्या बायकांना सांगायला तिला काहीतरी हवं होतं. मुलगा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवतो, यात सांगण्यासारखं काय होतं? इथे गल्लोगल्ली तसे कारखाने. पण सून मुंबईच्या मोठ्या संस्थेत, न्यूक्लियरमध्ये. तुझ्या कानावर हे आलं तेव्हा तू कणीक मळत होतीस.

"आई, न्यूक्लियर म्हणजे बॉम्ब नाही हो," तू म्हणालीस. "आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीच्या आत एक केंद्रक असतं. त्यावरून ते नाव."

"माझ्यातपण?"

"तुमच्यातपण. पेशीला बाहेरून निरोप येत असतात. ते घेणाऱ्या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात. बरेचसे रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतात. मी ज्यांच्यावर काम करते, ते आत असतात. हार्मोनचा किंवा औषधाचा कण थेट आत शिरतो, यांना येऊन चिकटतो, आणि मग हे केंद्रकात डीएनएवर जाऊन बसतात. कुठलं काम चालू करायचं, कुठलं थांबवायचं, ते तिथे ठरतं."

"मग तू काय करतेस?"

"मेंदूत कधीकधी दाह होतो. सूज येते, आपल्याच संरक्षक पेशी आपल्याच नसांवर उठतात. या आतल्या रिसेप्टरांकडून तो दाह थांबवता येतो का, ते बघते. उंदरांमध्ये."

उंदीर म्हटल्यावर आईचं तोंड बारीक झालं. तिने शेजारणींना न्यूक्लियरच सांगायचं ठरवलं, आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

तुला समजावायला आवडायचं. माझ्यासारख्या डिप्लोमा झालेल्या माणसाशी लग्न का केलंस, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणालीस, "तू ऐकतोस. संस्थेत सगळे बोलतात." मला अर्धं समजायचं. पण मी खरंच ऐकायचो, शुभा. आता घरात दोन माणसं आहेत आणि दोघंही ऐकणारीच. बोलणारं गेलं.

तो डोळा आठवतो? सकाळी देवाजवळ आईने जास्वंद ठेवलं होतं. तू त्याच्याकडे बघत एक डोळा झाकलास, मग दुसरा झाकलास. पुन्हा पहिला. मी जेवणाचा डबा शोधत होतो. तू शांतपणे म्हणालीस, "सतीश, हे फूल या डोळ्याने लाल दिसतंय आणि या डोळ्याने विटकरी."

दोन दिवसांत तो डोळा धुरकटला. हलवला की दुखायचा. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात तुला स्टिरॉइडची सलाइन लावली. मी स्टुलावर अवघडून बसलो होतो आणि तू पडल्या पडल्या माझा वर्ग घेत होतीस.

"हे आमच्याच घराण्यातलं औषध आहे," बाटलीकडे बोट दाखवून म्हणालीस. "याचा रिसेप्टर आणि माझा रिसेप्टर, सख्खे नाहीत, पण चुलत आहेत. आत्ता हे माझ्या पेशींमध्ये शिरून दाहाची कामं बंद करत असेल. इतकी वर्षं शिकवलं, आज आतून बघतेय."

"शुभा, डोळा कसा आहे ते सांग."

"येईल. चुलतभाऊ कामाचा आहे."

आणि खरंच आला. फूल पुन्हा लाल झालं. तू इतकी खूश झालीस की नर्सलासुद्धा सगळं समजावलंस. तिने 'हो मॅडम, हो मॅडम' करत सुई काढली. त्या वर्षी आपण मुलासाठी डॉक्टरांकडे जाणार होतो. ते पुढच्या वर्षावर ढकललं. मग पुढचं वर्ष आलं आणि तो विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. नकोसा झाला म्हणून नव्हे. काढला असता तर आपल्याला बाकीचंही बोलावं लागलं असतं.

कारण पुढच्या वर्षी पाय गेले. आधी तळव्यांना कापूस लावल्यासारखं वाटायचं. मान खाली घातली की पाठीतून थेट टाचेपर्यंत करंट जायचा. जिना चढताना गुडघा मध्येच विसरायचा. एमआरआयच्या फिल्मवर मज्जारज्जूत पांढरा डाग दिसला. न्यूरोलॉजिस्ट एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणाले. पुढे म्हणाले, एमएस नसावा, त्याचाच एक भाऊबंद असावा. डोळे आणि मज्जारज्जू दोन्ही धरणारा, जास्त क्रूर. तू त्यांना प्रश्न विचारायला लागलीस, एकामागून एक. त्यांनी चष्मा काढला.

"इंटरनेटवर वाचलंत का?"

"नाही डॉक्टर," तू म्हणालीस. "याच्या जवळचा आजार आम्ही लॅबमध्ये उंदरांना देतो. मी देते."

डॉक्टरांनी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. जणू माझ्याकडे याचं काही उत्तर असेल.

घरी आल्यावर आईच्या तोंडून निघून गेलं, उंदरांचा तळतळाट लागला. तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, भीतीने म्हटलं होतं. तू चपला काढता काढता थांबलीस. "आई, तळतळाट लागत असता तर आमच्या अख्ख्या मजल्याला लागला असता. मला एकटीला कसा लागेल?" इतकंच म्हणून आत गेलीस. मी आत आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. म्हणालीस, "आईंना काही बोलू नकोस. माझ्याही मनात एकदा आलं होतं." तुझ्यासारखी बाई हे म्हणते म्हणजे तू किती घाबरली असशील, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तरी तू लॅबला जात राहिलीस. आधी काठी घेऊन, मग गाडी ठरवून. तुझा प्रयोग चालू होता आणि तो तुला टाकायचा नव्हता. रोज थोडं थोडं करून तू मला तो सांगितलास. साखरेच्या आजारावर एक जुनी गोळी आहे. ती पेशीतल्या त्याच घराण्यातल्या एका रिसेप्टरला चिकटते. साखर तर कमी करतेच, पण दाहही थंड करते असं जगभर दिसायला लागलं होतं. तुम्ही उंदरांना आजार दिलात. एका गटाला आजार यायच्या आधीपासून ते औषध, आणि दुसऱ्या गटाला शेपटी लुळी पडल्यावर. हा आजार शेपटीपासून सुरू होतो. शेपटी, मग मागचे पाय. ज्यांना वर मान करता येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही खाणं भिजवून पिंजऱ्याच्या तळाला ठेवता, हेही तू सांगितलंस. ते सांगताना तुझा आवाज जरा बदलला. काही महिन्यांनी तुझा हात उचलेना, तेव्हा मी तुझं ताट तुझ्या हनुवटीजवळ आणून धरायला लागलो. पहिल्या दिवशी तू ताटाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि आपण दोघांनी ते न बोलता मऊ भात संपवला.

पहिला गट छान निघाला. बरेच उंदीर चालत राहिले. दुसऱ्या गटात काहीच फरक पडला नाही. आजार आल्यावर दिलेलं औषध आणि न दिलेलं औषध सारखंच.

तुझे गाईड, आपण त्यांना सरच म्हणायचो, भले माणूस. ते घरी आले होते, तुला संस्थेपर्यंत यायचा त्रास नको म्हणून. आईने पोहे केले होते. सर म्हणाले, "शुभदा, आत्ता पहिल्या गटाचा पेपर लिहून टाकू. तो चांगल्या ठिकाणी लागेल. दुसऱ्या गटाचं नंतर पाहू, डोस बदलून, पुन्हा करून."

"दोन्ही एकत्र जातील, सर."

"दोन्ही घातले तर पेपर कमजोर होतो. तुलाही माहीत आहे."

"हो. पण पहिला एकटाच छापला तर कुणीतरी पेशंट तो वाचेल."

"पेशंट आपले पेपर वाचत नाहीत."

"पेशंटचे नवरे वाचतात," तू म्हणालीस, आणि माझ्याकडे बघितलं नाहीस. मग अगदी हळू, जसं काही आईने ऐकू नये, म्हणालीस, "सर, खऱ्या माणसाला आजार झाल्यावरच कळतो. पहिला गट माणसांत नसतोच. मी दुसऱ्या गटातली आहे."

सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. पेपर दोन्ही गटांसकट गेला. मोठ्या मासिकाने परत पाठवला, एका लहान मासिकाने घेतला. छापून आला तेव्हा तुला अक्षरं नीट दिसत नव्हती. दुसऱ्या गटाचा भाग मी वाचून दाखवला. एकेक शब्द फोडून, शाळेतल्या मुलासारखा. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "बरोबर लिहिलंय."

मला तुझा अभिमान वाटला, शुभा. आणि त्याच क्षणी मला तुझा राग आला. हे तुला कधी सांगितलं नाही. स्वतःच्या विरुद्धची साक्ष तू इतकी चोख दिलीस.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं, नाही का? खारीच्या नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून मी त्या गोळीचं नाव शोधलं, आणि घरी येऊन आईच्या औषधांचा प्लास्टिकचा डबा उघडला. त्यात तीच होती. आई कित्येक वर्षं चहाआधी ती घेत होती.

"आईची गोळी तीच आहे," मी म्हणालो.

"मला माहीत आहे."

"मग घे ना."

"नाही."

हे 'घे ना' आणि 'नाही' किती वेळा झालं असेल? कधी चिडून, कधी हात जोडून. तू कधीच आवाज चढवला नाहीस. कारणं द्यायचीस. आजार लागल्यावर तिचा उपयोग दिसलेला नाही. अंगात पाणी साठतं. हृदयाला त्रास होऊ शकतो. उंदीर वेगळा, माणूस वेगळा.

"काही नसल्यापेक्षा काहीतरी बरं," मी म्हणायचो.

"मी घेतली आणि बरं वाटलं तर ते स्टिरॉइडमुळे, की गोळीमुळे, की आजार आपोआप उतरला म्हणून? ते कधीच कळणार नाही."

"नको कळू दे. तू बरी हो. मला काही कळायला नकोय."

यावर तू एकदाच बोललीस. "सतीश, मला कळायला हवंय. तेवढंच माझ्याकडे उरलंय."

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. समोर नवी बिल्डिंग चढत होती. स्लॅबवर कामगार एकमेकांना घमेली देत होते. मला त्यांचा हेवा वाटला.

त्या सगळ्या काळातला एकच दिवस असा आहे की जो मला परत दिला तर मी हात पुढे करीन. फिलोमिनाच्या घरचा. दिवसभर तुझ्याजवळ राहायला आपण तिला ठेवलं होतं. उत्तनच्या पुढची, पालीची. घरात मासेमारी, भाऊ बोटीवर. तिने तुला पहिल्या दिवशी उचलून बसवलं आणि आईला म्हणाली, "मावशी, तुमी कंबर मोडू नका. मी हाय ना." नाताळच्या सुट्टीत तिने हट्टाने आपल्याला घरी बोलावलं. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली आणि तुझी चाकांची खुर्ची अडली. तिच्या भावांनी खुर्चीसकट तुला उचललं आणि स्कूटरच्या वरून पलीकडे ठेवलं. तू हसत होतीस. किती दिवसांनी तुझे दात दिसले.

मागच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. तुला उन्हात बसायचं होतं. फिलोमिनाची आई म्हणाली, "ऊन लागंल बायला, सावलीत घ्या." तू नाही म्हणालीस. तोंड वर करून बसलीस.

"हेपण आमच्याच घराण्यातलं," मला म्हणालीस.

"ऊन?"

"ऊन नाही रे. उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. त्याचा रिसेप्टर. तोही दाह कमी करतो म्हणतात. सगळे आमचेच नातेवाईक." मग जरा थांबून, "नातेवाईक खूप. कामाला येणारा एकही नाही."

फिलोमिनाने तुला भाकरी आणि कालवण भरवलं. वास, ऊन, लांबून येणारा बोटीचा आवाज. त्या दिवशी तू गोळीचं बोलली नाहीस, मीही नाही. मला वाटलं होतं, असं अजून काही वर्षं चालेल. आपण इतकंच मागत होतो.

उन्हाळा सरता सरता मानेतला हल्ला आला. हात पूर्ण गेले. पुन्हा सलाइन लावली. पहिल्या वेळी डोळा चार दिवसांत परत आला होता. आता डॉक्टर रोज सकाळी तुझ्या हाताला टोचून विचारायचे, कळतंय का, आणि तू नाही म्हणून मान हलवायचीस. मी तुला विचारलं, तेच औषध, तोच रिसेप्टर, तीच तू, मग आता का नाही? तुला बोलायला दम पुरत नव्हता. तरी उत्तर दिलंस. "दाह थांबत असेल. पण नस मेली की मेली. आग विझली म्हणून जळलेलं परत येत नाही." मग म्हणालीस, "हे अजून कुणालाच नीट माहीत नाही." तुझ्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं लांब वाक्य. त्यातसुद्धा तू मला खोटा धीर दिला नाहीस.

त्यानंतर पाऊस सुरू झाला आणि तू गेलीस.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. फिलोमिनाने तुझी चादर धुऊन घडी घातली आणि ती घडी छातीशी धरून रडत बसली. मी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. ती सरळ माझ्याकडे बघत नव्हती.

"सतीश, माझ्या गोळीनं तर नाही ना झालं?"

मला कळेना. "कुठली गोळी?"

"साखरेची. ती मागायची रे. मी दिली."

मग तिने सगळं सांगितलं. हात पूर्ण जायच्या आधी, मी कारखान्यात गेलेला असताना आणि फिलोमिना खाली दूध आणायला गेली असताना, तू आईला हाक मारलीस आणि म्हणालीस, "आई, तुमच्या साखरेच्या गोळ्यांतली एक मला द्या." आईने विचारलं, तू तर नको म्हणत होतीस ना. तू म्हणालीस, "सतीशला सांगू नका. तो आशा लावून बसेल."

त्यानंतर आई रोज देत राहिली. पाकीट लवकर संपायला लागलं की स्वतःची गोळी तुला देऊन ती तशीच राहायची. तिची साखर वाढली. आपल्या डॉक्टरांनी तिला गोड खाता म्हणून सुनावलं होतं, आठवतं? ती खाली मान घालून ऐकत राहिली. मला वाटलं, म्हातारपणी जिभेचे लाड चाललेत.

"सून मागते आणि मी कशी नाही म्हणू?" आई म्हणाली. "उंदरांचं बोलले होते मी तिला. तोंडातून गेलं ते गेलंच. म्हटलं एवढं तरी करावं." तिने गोळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. "पण तिचे पाय सुजले होते रे. तुला आठवतं ना पाय सुजलेले? ते त्यानंच ना?"

पाय सुजले होते. आम्ही सगळे स्टिरॉइडला दोष देत होतो.

मी दुसऱ्या दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी तुझी फाइल पुन्हा काढली, फिल्म दिव्यावर लावली. म्हणाले, "सूज कदाचित त्या गोळीची असेल. पण श्वास गेला तो मानेतल्या मज्जारज्जूमुळे. आईंना सांगा, त्यांनी काही केलेलं नाही." मी विचारलं, काही फायदा झाला असेल का, थोडासा तरी. त्यांनी खांदे उडवले नाहीत, माझा हात धरला. म्हणाले, "त्यांनीच पेपरात लिहून ठेवलंय ना ते."

आईला मी येऊन सांगितलं. तिने ऐकलं. विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. ती आता गोळी घ्यायला टाळाटाळ करते. डबा उघडते, बंद करते. मी समोर बसून घ्यायला लावतो.

आणि मी? मी काय करू या गोष्टीचं? इतके महिने मी तुझ्याशी भांडलो, तू नाही म्हणत राहिलीस, आणि शेवटी भांडण जिंकून देऊन मला न सांगताच गेलीस. मला जिंकायचं नव्हतं. मला फक्त तू हवी होतीस. दुसऱ्या गटाला काही होत नाही हे जगात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तू दुपारच्या वेळी माझ्या आईपुढे तोंड उघडलंस आणि तिने जिभेवर ठेवलेली गोळी गिळलीस. तेव्हा तुझ्या मनात काय असेल? डोस वेगळा, माणूस वेगळा, कदाचित? की काही कारण नव्हतंच, फक्त जगायचं होतं? मला सांगितलं असतंस तर मी आशा लावली असती, हे खरं. पण ती तुझ्याबरोबर लावली असती. तू एकटीने लावलीस. मला वाचवायला म्हणून त्या आशेला एकटीनेच घेऊन बसलीस, आणि ती एकटीनेच सोडलीस. ते मला सहन होत नाही.

सर आले होते. ते म्हणाले, नवीन मुलं काम पुढे नेताहेत, तुझा पेपर ती वाचतात. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हणालो. खरं सांगू, मला कशाचंच काही वाटत नाही. पुढे कधीतरी, कुणालातरी उपयोग होईल. होऊ दे. ते माणूस तू नसशील.

एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही.

शेवटच्या दुपारी तुला श्वासाची नळी घालायच्या आधी आयसीयूतल्या लोकांनी मला आत सोडलं. तोंडावर मास्क होता. आवाज गेलेला होता. तू माझ्याकडे बघून ओठ हलवलेस. मला कळलं नाही. मी वाकलो. तू पुन्हा हलवलेस. एकच शब्द होता. ओठ आधी गोल झाले. सिस्टर घाई करत होती. तुझ्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मला कळलं नाही असं म्हणवेना. मी म्हणालो, "हो. हो शुभा." तुझा चेहरा सैल पडला आणि तू डोळे मिटलेस. पुन्हा उघडले नाहीस.

आता मी आरशासमोर उभा राहून शब्द म्हणून बघतो आणि ओठ बघतो. झोपते. थोडं. गोळी. सोड. सगळे तसेच दिसतात. गोळीचं मला तेव्हा माहीतही नव्हतं. ती कबुली होती, की आईला सांभाळ म्हणत होतीस, की नळी नको म्हणत होतीस, मला सोड म्हणत होतीस आणि मी हो म्हणून त्यांना नळी घालू दिली? की नुसतं तोंड कोरडं पडलं होतं?

तू विचारलंस आणि मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो, शुभा?